कोळपें आणि खुरपें

विलायतेंत बर्कशर परगण्यांत जन्मलेला जेथ्रो टल हा वकिलीचें शिक्षण घेऊन शेतीकडे वळलेला गृहस्थ. १७०१ सालीं त्यानें बीं ओळींत पेरणारें यंत्र बनविलें. तोंपर्यंत तिकडे बीं मुठीनें फेंकण्याचीच रीत होती. अशा पिकांत अवजार घालावयास वाट उरत नसे आणि तण मात्र निश्चिंतपणें वाढे. पुढें फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत वेलींच्या रांगांमधली जमीन उकरलेली टलनें पाहिली, आणि ओळींत पेरलेल्या धान्यांतही घोड्याचें कोळपें चालवावें असें त्याच्या मनानें घेतलें. १७३१ सालीं त्यानें यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुळें मातीचे सूक्ष्म कणच खातात, तेव्हां माती बारीक केली कीं खताची गरज नाहीं, अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची; पण शेत मात्र स्वच्छ राहिलें.

या गोष्टीला साठ-पासष्ट वर्षें लोटलीं. ओळीची पेरणी ही युरोपची अलीकडील युक्ति, असें मानणाऱ्या कॅप्टन हॅल्कट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें गुंटूर भागांत एतद्देशीय पेरणीयंत्र चालतांना पाहिलें. तो चकित झाला आणि ती हकीकत त्यानें १७९५ च्या सुमारास लिहून कळविली. दक्खनच्या कुणब्याला त्यांत नवल वाटलें नसतें. टलचें नांव ग्रंथांत आहे. तिफणीचा कर्ता कोण, हें कोणालाच ठाऊक नाहीं.

तिफणीचे तीन फण, त्यांवरच्या नळ्या आणि वरचें चाडें श्रोत्यांच्या परिचयाचें असेल. ओळींतील अंतर सारखें पडतें म्हणूनच मागाहून कोळपें चालतें. बैलांच्या तोंडाला मुसकें बांधून तें ओळींमधून हांकलें कीं आडवी फास जमिनीखालून सरकते, तणाचीं मुळें तोडते आणि भेगाही बुजविते. खरें कसब वेळ साधण्यांत असतें. पावसानंतर घाई केली तर माती फासेला चिकटते, आणि वाफसा उलटून गेला तर जमीन कठीण होते. झडीचा पाऊस लागला म्हणजे शेतकरी बांधावर उभा राहून तण पिकाच्या वर जातांना नुसतें पाहत राहतो.

१८८९ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या डॉ. व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञानें देशभर फिरून केलेला अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. शेत तणापासून स्वच्छ राखण्याच्या बाबतींत त्यानें येथील रयतेची मोकळ्या मनानें वाखाणणी केली. हरळी व कुंदा यांच्या खोल मुळ्यांपुढें मात्र कोळप्याचें कांहीं चालत नसे. त्यांसाठीं खोल नांगरट हवी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर काढला, पण त्याला गिऱ्हाईक मिळण्यास बराच काळ लागला.

अवजारांच्या या इतिहासांत एक काम नेहमींच वगळलें जातें. कोळपें काढतें तें ओळींमधलें तण. रोपाच्या बुंध्याशीं बिलगून उगवलेलें तण त्याला काढतां येत नाहीं. तें खुरप्यानेंच काढावें लागतें, आणि खुरपें असतें बाईच्या हातीं. चाड्यावर मूठ धरणारी पुष्कळदां तीच, आणि पुढें दिवसभर उकिडवें बसून पात धरणारीही तीच. कोंवळें रोप आणि तण यांतला भेद तिच्या बोटांना कळतो. लव्हाळ्याची गांठ जमिनींत राहिली तर तो पुन्हां उगवणार, हेंही तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. व्होल्करनें वाखाणलेली स्वच्छता मोठ्या अंशीं या हातांची होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील संशोधनांतून निघालेलें टू-फोर-डी हें तणनाशक १९४५ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. आज महाराष्ट्रांतील ऊस व सोयाबीन यांच्या शेतांतही तणनाशकें फवारलीं जातात. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस थोड्या वेळांत जेवढें शेत संपवितो, तेवढ्याला पूर्वीं बायकांची टोळी कित्येक दिवस लागे. कंबर मोडणारें तें काम सुटलें याचें कोणालाही वाईट वाटूं नये. परंतु भूमिहीन घरांतील बाईला आषाढ-श्रावणांत चार पैसे मिळत ते याच खुरपणीचे. जेथें फवारा आला, तेथें ती आतां पहांटे डबा बांधून दुसऱ्या गांवच्या शिवारांत जाते.