पाचशे बारा बाइटांचा दरवान

संगणक 'बूट' होतो हा शब्द पायातल्या बुटावरूनच आला आहे. उंच बुटाला ओढायला मागे एक पट्टी असते. ती धरून माणसानं स्वतःलाच वर उचलावं, असा त्या इंग्रजी शब्दप्रयोगातला गमतीचा भाग. संगणकाचीही अडचण नेमकी तीच. विंडोज म्हणा, लिनक्स म्हणा, कार्यप्रणाली डिस्कवर झोपलेली असते. तिला उठवायचं कुणी?

आयबीएमनं मार्च १९८३ मध्ये 'पीसी एक्सटी' बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि सोबत डॉस २.० होती. यंत्र सुरू झालं की मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचायचा, फक्त ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट कार्यप्रणालीला उठवणाऱ्या सूचनांसाठी, ६४ डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्यासाठी आणि २ ओळखीच्या खुणेसाठी. बेरीज करून पाहा, जुळते.

तक्त्यात चार वाटण्यांची नोंद होई. म्हणजे एका वाड्यात चार बिऱ्हाडं राहू शकतील, ही सोय तेव्हापासूनच होती. दरवान मात्र एकच. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे. १९९१ मध्ये लिनक्स आलं, १९९५ मध्ये 'ग्रब' नावाचा नवा दरवान आला. तो दारात उभा राहून "कुणाकडे जायचंय?" असं विचारतो. विंडोज नंतर बसवलं, तर ते ग्रबला काढून आपला माणूस उभा करतं, आणि त्याला शेजारच्या लिनक्सचा पत्ता नसतो. शिवाय ग्रबचं सगळं सामान ४४६ बाइटांत मावत नाही. बरंचसं लिनक्सच्या खोलीत असतं. ती खोलीच अर्धवट राहिली, तर दारातला दरवान नुसता गोंधळून उभा!

आमच्या इमारतीतल्या एका मुलानं जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स बसवायला घेतलं आणि ते मध्येच अडलं. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरं. त्याच लॅपटॉपवर त्याच्या आईचा तीन वर्षं खपून लिहिलेला प्रबंध होता. दुकानदार म्हणाला, "सगळं गेलं, फॉरमॅट करावं लागेल." सुदैवानं माझा एक जुना विद्यार्थी त्या दिवशी भेटायला आला होता. त्यानं पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. विंडोजची वाटणी उघडली, तर प्रबंध जागच्या जागी! आधी त्यानं तो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला, आणि मगच विंडोजच्या सीडीवरून जुना दरवान परत बसवला. दरवान गेला म्हणून घर लुटलं गेलं असं नसतं.

आताच्या यंत्रांत ही व्यवस्था बदलली आहे. यूईएफआय पद्धतीत प्रत्येक प्रणालीचा दरवान एका सामाईक वाटणीत, आपापल्या फोल्डरमध्ये राहतो, आणि कुणाला आधी हाक मारायची ती यादी मदरबोर्ड सांभाळतो. पुष्कळदा बिघाड म्हणजे त्या यादीतला क्रम बदललेला असतो, एवढंच. पण तंटा मिटला म्हणावं, तर ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनं कित्येक लॅपटॉपांवरचं शेजारचं लिनक्स सुरूच होऊ दिलं नाही.

म्हणून वाचकहो, असा प्रसंग आलाच तर घाई नको. त्या डिस्कवर काहीही नवं लिहू नका. पेन ड्राइव्हवरून आत डोकावा, फाइली बाहेर काढा, दुरुस्ती त्यानंतर. वाटण्यांचा तक्ताच पुसला गेला असेल, तर 'टेस्टडिस्क' नावाचा मोफत प्रोग्राम हरवलेल्या वाटण्या पुष्कळदा शोधून देतो. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल, तर मात्र ४८ अंकी किल्ली लागते. ती आजच वहीत उतरवून ठेवा. आणि कुणी "फॉरमॅट करावं लागेल" म्हणालं, तर आधी एकच विचारा: "आत पाहिलंत का?"