एका फेरीचे विजेतेपद : ॲलन कुलविकी आणि १५ नोव्हेंबर १९९२

१/
भोसरी एमआयडीसीत एका गाळ्याचे कारखाने पुष्कळ आहेत. मालकच लेथवर उभा असतो, तोच कोटेशन काढतो आणि संध्याकाळी टेम्पोत माल चढवायलाही तोच असतो. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेत असाच एक ‘एका गाळ्याचा’ मालक विजेता ठरला. त्या हंगामाच्या अखेरच्या शर्यतीचा हा इतिहास. धागा लांब आहे, पण हिशेब अखेर एका फेरीवर येऊन थांबतो.

२/
आधी ‘स्टॉक कार’ म्हणजे काय ते पाहू. शोरूममधून कोणीही विकत घ्यावी तशीच गाडी शर्यतीत उतरवायची, ही मूळ कल्पना. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये ‘नॅस्कार’ ही संस्था स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिच्या या मुख्य मालिकेची पहिली शर्यत झाली. पहिला आलेल्या ग्लेन डनवेच्या गाडीच्या स्प्रिंगमध्ये फेरफार आढळला, म्हणून त्याला बाद करून जिम रोपरला विजयी घोषित केले गेले. नियम आणि कारागिरी यांची ही झटापट या खेळात पहिल्या दिवसापासून आहे.

३/
१९९२ पर्यंत या गाड्या नावापुरत्याच ‘स्टॉक’ उरल्या होत्या. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कंपनीच्या मॉडेलसारखा दिसणारा पत्रा. खर्च वाढला, तसे मोठे प्रायोजक आणि श्रीमंत संघमालक आले. मालकाने पैसा उभा करायचा आणि चालकाने मानधन घेऊन गाडी चालवायची, अशी विभागणी रूढ झाली. स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेला माणूस दुर्मीळ होत चालला.

४/
ॲलन कुलविकी हा त्या दुर्मिळांपैकी एक. जन्म १९५४, विस्कॉन्सिन राज्यातला. १९७७ मध्ये तो यांत्रिकी अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. या खेळाचे माहेरघर दक्षिणेकडे, शार्लटच्या परिसरात; तिथे हा उत्तरेकडचा शिकलेला मुलगा उपराच होता. तरीही १९८६ मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९८८ मध्ये फिनिक्सला त्याने पहिली शर्यत जिंकली.

५/
ज्युनिअर जॉन्सन हे त्या काळचे मोठे संघमालक. त्यांनी कुलविकीला आपल्या संघात येण्यासाठी भरघोस मानधन देऊ केले. त्याने नकार दिला. त्याला दुसऱ्याच्या गाडीत बसायचे नव्हते. त्या नकारानंतर १९९१ च्या हंगामाच्या सुरुवातीला त्याच्याकडे प्रायोजकही नव्हता. १९९२ मध्ये जॉन्सन यांच्या गाडीत बिल इलियट बसला. हे नाव लक्षात ठेवा.

६/
१९९२ च्या सप्टेंबरात डोव्हरच्या शर्यतीत कुलविकीची गाडी आदळली. सहा शर्यती बाकी आणि तो आघाडीपासून २७८ गुणांनी मागे. त्याने स्वतःही आशा सोडली होती. पुढच्या शर्यतींत मात्र आघाडीचे चालक अडखळत गेले आणि हा सावकाश वर सरकला. अखेरच्या शर्यतीला सहा जणांना विजेतेपदाची संधी होती. डेव्ही ॲलिसन पहिला, कुलविकी ३० गुणांनी मागे, इलियट ४० गुणांनी.

७/
१५ नोव्हेंबर १९९२, अटलांटा. ३२८ फेऱ्या, ५०० मैल. ‘किंग’ रिचर्ड पेटीची ही शेवटची शर्यत आणि जेफ गॉर्डन या तरुणाची या मालिकेतली पहिली. कुलविकीची गाडी फोर्ड थंडरबर्ड. फोर्डची आणि नॅस्कारची परवानगी घेऊन त्याने पुढच्या बाजूच्या नावातील पहिली दोन अक्षरे काढून टाकली होती. उरले ‘अंडरबर्ड’. आपण दुबळ्या बाजूचे आहोत, हे त्याने गाडीवरच लिहून घेतले होते.

८/
पहिल्याच पिट स्टॉपला पहिला गिअर तुटला. गिअरबॉक्समध्ये धातूचे तुकडे सुटले होते. गिअर वारंवार बदलला तर सगळेच मोडायचे. म्हणून त्यानंतर प्रत्येक वेळी तो चौथ्या गिअरमध्येच बाहेर पडायचा आणि त्याची माणसे गाडीला मागून धक्का द्यायची.

९/
ॲलिसनला पाचवा क्रमांक पुरेसा होता. सत्तरहून अधिक फेऱ्या उरल्या असताना अर्नी अर्व्हनची गाडी त्याच्यासमोर गरकन फिरली, ॲलिसन तिच्यावर आदळला आणि त्याची संधी संपली. आता उरले दोघे : कुलविकी आणि जॉन्सन यांच्या गाडीतला इलियट.

१०/
इथे गुणांचा नियम समजून घ्यायला हवा. पहिल्या क्रमांकाला १७५ गुण, दुसऱ्याला १७०. एक फेरी जरी आघाडीवर काढली तरी ५ जादा. सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर काढणाऱ्याला आणखी ५. कुलविकी आणि त्याचा क्रू-चीफ पॉल अँड्र्यूज फेऱ्या मोजत होते. इंधन संपत आले तरी कुलविकी आत आला नाही. आघाडीच्या फेऱ्यांचा जादा गुण पक्का झाल्यावरच, सुमारे ३१० व्या फेरीला, तो पिटमध्ये शिरला. जरुरीपुरते इंधन घेऊन तो बाहेर पडला आणि मग इलियटच्या मागे जिवावर उदार होऊन धावला नाही. त्याला दुसरा क्रमांक पुरेसा होता.

११/
शर्यत इलियटने जिंकली. पण आघाडीवरच्या फेऱ्या : कुलविकी १०३, इलियट १०२. दोघांनाही १८० गुण, म्हणून आधीचे १० गुणांचे अंतर तसेच राहिले आणि कुलविकी विजेता ठरला. एक फेरी इकडची तिकडे झाली असती, तर दोघांचे गुण समान झाले असते. मग हंगामातील अधिक विजय पाहिले जात. ते इलियटचे पाच होते, कुलविकीचे दोन. विजेतेपद जॉन्सन यांच्या संघाकडे गेले असते.

१२/
ही गोष्ट इथे संपवली, तर ती फक्त जिद्दीची कथा होईल. इतिहास पुढे जातो. १ एप्रिल १९९३ रोजी ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना टेनेसीत विमान कोसळून कुलविकीचा मृत्यू झाला. वय ३८. पुढे त्याचा संघ जेफ बोडाइनने विकत घेतला. त्यानंतर मालक-चालक विजेता दिसायला २०११ उजाडावे लागले. तो टोनी स्टीवर्ट. पण त्याला भागीदार होता आणि संघात एकाहून अधिक गाड्या होत्या.

१३/
मालक, अभियंता आणि चालक एकच असल्यामुळे १०३ व्या फेरीचा निर्णय क्षणात झाला; कोणाला विचारावे लागले नाही. आणि नेमक्या त्याच कारणाने, तो गेल्यावर ते काम पुढे नेणारा दुसरा कोणी नव्हता. ज्यांच्या घरी असा एका माणसावर चालणारा गाळा आहे, त्यांना या इतिहासाचे दोन्ही अर्धे ओळखीचे वाटतील. पहिला अर्धा आपण अभिमानाने सांगतो. दुसऱ्या अर्ध्याविषयी मात्र घरात क्वचितच बोलणे होते.