बिंगसू

बिंगसू हा कोरियातील किसलेल्या बर्फाचा गोड पदार्थ आहे. बारीक किसलेल्या बर्फावर किंवा गोठवलेल्या दुधाच्या किसावर लाल अडझुकी कडधान्याचा गोड लगदा, फळे, भाजलेल्या सोयाबीनचे पीठ, तांदळाच्या चिकट पिठाचे तुकडे इत्यादी घालून तो वाढला जातो. दक्षिण कोरियात उन्हाळ्यात तो विशेष लोकप्रिय असून बहुधा एकाच मोठ्या वाडग्यातून दोघे-तिघे मिळून खातात. त्यातील बहुतेक साखर बर्फात नसून वरील घटकांत असते. त्यामुळे पदार्थाचा पोत न बिघडवता तो कमी साखरेचा करता येतो.

== व्युत्पत्ती ==

'बिंग' (बर्फ) आणि 'सू' (पाणी) या चिनी मूळ असलेल्या दोन शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे. 'फात' म्हणजे अडझुकी. ते घालून केलेल्या पारंपरिक प्रकारास 'फातबिंगसू' म्हणतात.

== इतिहास ==

कोरियात बर्फ साठवण्याची परंपरा जुनी आहे. सिल्ला राज्याचा राजा जिजंग याने इ.स. ५०५ मध्ये बर्फ साठवण्याची आज्ञा दिल्याची नोंद 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात आहे. जोसन राजवटीत हिवाळ्यात हान नदीवर गोठलेला बर्फ कापून राजधानीतील दोन बर्फकोठारांत ठेवला जाई. त्यांपैकी पश्चिमेकडील कोठाराचे 'सोबिंगो' हे नाव आजही सोलमधील एका भागाला आहे. ग्यंगजू येथे १७३८ मध्ये बांधलेले दगडी बर्फकोठार अद्याप उभे आहे.

बिंगसूचे आधुनिक रूप जपानी अंमलाच्या काळात (१९१०–१९४५) जपानमधील 'काकिगोरी' या पदार्थाच्या प्रभावातून घडले. कोरियन युद्धानंतर त्यात फळे, दूध आणि कंडेन्स्ड मिल्क यांची भर पडली. २०१० नंतरच्या दशकात पाण्याच्या बर्फाऐवजी गोठवलेल्या दुधाचा हिमासारखा मऊ कीस आणि त्यावर सोयाबीनचे पीठ असलेले 'इंजोल्मी बिंगसू' सर्वत्र पसरले.

== साखरेचे कार्य ==

आइस्क्रीममध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. ती मिश्रणाचा गोठणबिंदू खाली आणते व त्यामुळे आइस्क्रीम मऊ राहते. साखर फार कमी केल्यास ते दगडासारखे घट्ट होते. बिंगसूचा मऊपणा मात्र बर्फ किती पातळ किसला जातो यावर अवलंबून असतो. म्हणून त्यातील साखर कमी केल्यास पोतापेक्षा चवीतच अधिक फरक पडतो.

थंड पदार्थ खाताना जिभेला गोडी कमी जाणवते. यामुळे बिंगसूच्या वरील घटकांत नेहमीपेक्षा अधिक साखर घालण्याची प्रथा पडली. ती प्रामुख्याने अडझुकीचा लगदा, कंडेन्स्ड मिल्क आणि फळांच्या पाकातून येते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये वजनाच्या सुमारे ४५ टक्के साखर बाहेरून घातलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्यतो ती ५ टक्क्यांच्या आत ठेवावी. दररोज २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी या मर्यादा अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम होतात.

== कमी साखरेचा प्रकार ==

=== साहित्य (दोन जणांसाठी) ===

* दूध – ४०० मिलिलिटर
* कोरडी अडझुकी – ६० ग्रॅम
* साखर – १० ग्रॅम
* मीठ – चिमूटभर
* पिकलेल्या ताज्या फळांचे तुकडे – १५० ग्रॅम
* भाजलेल्या सोयाबीनचे पीठ – २ चमचे

=== कृती ===

अडझुकी पाण्यात उकळून पहिले पाणी टाकून दिले जाते. त्यामुळे तुरटपणा कमी होतो. नव्या पाण्यात दाणे बोटांनी सहज चेपले जातील इतके शिजवतात व त्यानंतरच साखर आणि मीठ घालतात, कारण आधी साखर घातल्यास दाणे कडक राहतात. चिमूटभर मिठाने गोडी अधिक जाणवते.

तापवून गार केलेले दूध पसरट भांड्यात पातळ थर देऊन गोठवले जाते. साखर नसल्याने ते कठीण गोठते. म्हणून किसण्यापूर्वी काही मिनिटे बाहेर ठेवतात. बर्फ किसण्याचे यंत्र नसल्यास पातळ थराचे तुकडे करून मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवतात. हा कीस गार वाडग्यात भरून त्यावर अडझुकी, फळे व सोयाबीनचे पीठ घालतात आणि लगेच वाढतात.

या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला बाहेरून घातलेली साखर ५ ग्रॅम येते. तितक्याच अडझुकीत ४० ग्रॅम साखर आणि वर माणशी २० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घातल्यास ती सुमारे ३० ग्रॅम होते.

== पोषणमूल्य आणि मर्यादा ==

अडझुकी हे मूग, उडीद व चवळी यांच्याच 'व्हिग्ना' प्रजातीतील कडधान्य असून त्यातून प्रथिने व तंतू मिळतात. तथापि, कमी साखरेचे बिंगसू हा शर्कराविरहित पदार्थ नव्हे. माणशी २०० मिलिलिटर दुधातून सुमारे १० ग्रॅम दुग्धशर्करा मिळते, तर कडधान्य व फळे यांतूनही कर्बोदके मिळतात. मधुमेही व्यक्तींना त्यांचा हिशेब धरावा लागतो.

साखरेऐवजी मध वापरल्याने मुक्त शर्करा टळत नाही, कारण मध व फळांचा रसही त्याच वर्गात मोडतात. अखंड फळांतील नैसर्गिक शर्करा मात्र त्या वर्गात धरली जात नाही. एरिथ्रिटॉलसारखे पर्याय अधिक प्रमाणात घेतल्यास पोटाच्या तक्रारी उद्भवू शकतात.

गोठवल्याने सर्व जंतू नष्ट होत नाहीत. त्यामुळे पाण्याचा बर्फ वापरायचा असल्यास तो उकळून गार केलेल्या पाण्याचा असणे आणि किसण्याचे पाते स्वच्छ असणे आवश्यक ठरते.

== हे सुद्धा पहा ==

* काकिगोरी
* बर्फाचा गोळा
* अडझुकी
* कोरियन खाद्यसंस्कृती