नकाशात नसलेली झर

आमच्याकडे भुतांच्या गोष्टी आजी सांगे आणि बांधाच्या गोष्टी मोठे काका. आजीच्या गोष्टींतली निम्मी भुतेही बांधावरच राहत, त्यामुळे लहानपणी दोन्ही एकच वाटत. पुढे कळले की काकांच्या गोष्टींत भीती खरी असायची.

आमचे गाव फोंडा तालुक्यात, झुआरीच्या काठी. वर डोंगर, डोंगराच्या कुशीत झर, झरीखाली माडा-पोफळींची कुळागरे, त्याखाली खाजन, खाजनाच्या कडेला बांध आणि बांधापलीकडे नदी. नदी म्हणायची, पण पाणी खारे. समुद्राची भरती दिवसातून दोनदा आत येते. म्हणजे आमचे खाजन हे भरतीच्या पातळीच्या खाली असलेले भाताचे शेत. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध मध्ये उभा आहे म्हणून तिथे कोरगूट हा खाजनातला भात पिकतो, नाहीतर तिथे तिवरेच असायची. गोव्यात असली खाजने सुमारे अठरा हजार हेक्टर आहेत असे सांगतात. काका हेक्टरात कधी बोलले नाहीत. ते म्हणत, "एका भोकाने गाव बुडते."

त्या बांधातला जादूचा भाग म्हणजे मानस. लाकडी दारे बसवलेली दगडी मोरीच ती, पण दारे अशी टांगलेली की माणसाने हात लावायला नको. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले गोडे पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. मी तासन्‌तास त्या दारांकडे बघत बसे. मिटताना आधी एक फळी थरथरते, मग दुसरी, आणि मग धप्प असा दबका आवाज येतो. ओहोटीच्या वेळी तिथे जाळे लावून मासळी धरत. त्या मासळीचा लिलाव होई, आणि लिलावाच्या पैशातून बांधाची डागडुजी चाले. बांध राखायचा खर्च बांधानेच कमवायचा, अशी ही सोय. इतकी नेटकी सरकारी योजना मी अजून पाहिलेली नाही.

हे सगळे ठरवीत कोण? काकांच्या आजोबांच्या काळी गावकरी ठरवी. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. अफोन्सो मेशियाने 1526 साली गावकऱ्यांचे रिवाज लिहून काढले, ते तिसवाडीकडचे. आमचा फोंडा पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकात गेला, पण व्यवस्था त्याच घडणीची. देवळाच्या चौकात वांगडांचे, म्हणजे गावकऱ्यांच्या घराण्यांचे, म्होरके बसत. कुठल्या शेताचा लिलाव, बांधाला किती माणसे, डोंगरावर गुरे कुठवर न्यायची, सगळे तिथे निघे. काका सांगत की पूर्वी एका जरी गावकऱ्याने "नाका", म्हणजे नको, म्हटले तर ठराव अडे. मग त्याची समजूत काढा, चार दिवसांनी पुन्हा बसा. एकदा म्हणे कोणाला तरी डोंगराचा उतार भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, लागवडीसाठी द्यायचा होता. सगळे तयार होते, पण एक म्हातारा हटून बसला. "झर आटली तर पोफळींना पाणी कोण घालणार, तुमचे देव?" एवढे बोलून तो उठला आणि उतार तसाच राहिला. या म्हाताऱ्याचे नाव काकांच्या प्रत्येक कथनात वेगळे असायचे, त्यामुळे तो एकच होता की प्रत्येक पिढीत एक असायचा, हे मला ठरवता आलेले नाही.

काकांना त्या दिवसांचा फार अभिमान. मला तो पुरता वाटत नाही. त्या चौकात बाई नव्हती. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार नव्हता. डोंगरावर कुमेरी, म्हणजे फिरती शेती, करणारे, बांधावर चिखलाच्या पाट्या वाहणारे, यांपैकी कोणी नव्हते. "नाका" म्हणायचा हक्क ज्यांना होता त्यांच्या पायाला चिखल लागत नव्हता. जुनी ग्रामव्यवस्था म्हणून आपण जिच्यापुढे हात जोडतो तिचे हे दुसरे अंग आजीला बरोबर ठाऊक होते. काका रंगात आले की ती आतून म्हणे, "आमकां कोणें विचारिल्लें?" काका तेवढ्यापुरते गप्प बसत.

1961च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. 1964 साली कूळ कायदा आला, पुढे 1976च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. हे व्हायलाच हवे होते. पण जमीन कुळांकडे गेली तसा बांध कोणाचा हे धूसर झाले. कायद्याने कुळांचे संघ केले, काम त्यांच्याकडे आणि सरकारी खात्याकडे विभागले. पूर्वी मानसीचे एक दार कुजले तर रात्रीत माणूस जाई, आता अर्ज जाऊ लागला. शेत पडीक राहिले की ते मोकळे दिसते, आणि मोकळे दिसले की कोणाच्या तरी नजरेत भरते. 1991च्या कायद्याने कुळवहिवाटीची शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला बंदी घातली, ती काही उगाच नव्हे.

मग 2006 साल. ऑगस्टमध्ये सरकारने प्रादेशिक आराखडा 2011 अधिसूचित केला. डोंगर, शेते, जंगल यांवर वस्तीचा रंग चढलेला लोकांनी पाहिला आणि गोवा बचाव अभियान उभे राहिले. डॉ. ऑस्कर रिबेलो त्याचे नेतृत्व करीत होते. डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर जी गर्दी जमली तिच्यात आमच्या घरचेही होते. काका गेले नाहीत. "मैदानात बसून खाजन कळत नाही," म्हणाले. मैदानात बसलेल्यांमुळेच 2007च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला, हे त्यांनी नंतर मान्य केले, पण जरा कुरकुरतच.

त्यानंतर जे झाले ते माझ्या मते या देशात फार थोड्या ठिकाणी झाले असेल. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया त्याचे उपाध्यक्ष, आणि एडगर रिबेरो यांच्यासारखे नगररचनेतले जाणते लोक त्यात होते. 2008 साली प्रादेशिक आराखडा 2021चा मसुदा आला, आणि गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवण्यात आले. गावाने बघावे, चुका दाखवाव्यात, काय राखायचे ते सांगावे. आधी आराखडा आणि मग हरकती हा नेहमीचा क्रम, पण इथे गावाला पेन्सिल हातात मिळाली होती.

आमची ग्रामसभा रविवारी भरली. पंचायतीच्या सभागृहात दोन टेबले जोडून नकाशा पसरला होता, कोपऱ्यांवर फुलदाण्या आणि एक पाण्याची बाटली. तरुण पोरे उत्तर दिशा कुठे ते सांगत होती. काका आले, चष्मा पुसला, आणि नकाशाच फिरवला. नदी आपल्या उजव्या हाताला येईपर्यंत फिरवला, म्हणजे ते बांधावर उभे राहत तसे. मग बोट ठेवले. "ही मानस. ही दुसरी. हे तुम्ही पडीक दाखवलेय, हे खाजन आहे. बांध फुटलाय म्हणून पाणी दिसते." सर्व्हे नंबर त्यांना येत नव्हते. एक-चौदाचे उतारे घेऊन बसलेल्या मुलीने त्यांच्या बोटाखालचे नंबर शोधून वहीत लिहिले. तासभर हे चालले. एक जण म्हणाला, माझा तुकडा वस्तीत घाला, मला पोरांसाठी घर बांधायचे आहे. त्याला कोणी हसले नाही. घराची गरज खरी होती, आणि वाड्याला लागून मोरडावर, म्हणजे उंचवट्याच्या जमिनीवर, जागा दाखवता आली म्हणून तो प्रश्न सुटला. सगळेच असे सुटले असे नाही. दोन भावांचे भांडण तर नकाशावर रेघ मारण्यापर्यंत गेले.

मग मागे भिंतीला टेकून उभी असलेली एक म्हातारी पुढे आली. मुंडकाराच्या घरची, आमच्या कुळागरात आयुष्यभर सुपाऱ्या वेचलेली. तिने विचारले, झर कुठे आहे? पोरांनी शोधली. निळी रेघ ओहोळाची होती, पण ती कुळागराच्या वरच्या टोकाला सुरू होत होती. त्यावरचा सगळा उतार नकाशात कोरा. "हांगा ना," म्हातारी म्हणाली, "वयर. फणसाच्या मुळांत." काकांनी तिच्याकडे पाहिले, मग पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने ती अंगठा उठवताना बोट धरतात तशी धरली आणि एक ठिपका केला. ठिपका फार मोठा झाला. पोरांनी तो खोडून बारीक केला आणि बाजूला लिहिले: झर, बारमाही.

आजी तोवर गेली होती. तिने हे बघायला हवे होते.

अंतिम आराखडा 2011 सालापर्यंत तालुक्या-तालुक्याने आला. जंगले, पाण्याच्या जागा, खाजने आणि भातशेते पहिल्या पर्यावरण-संवेदनशील विभागात गेली, बागायती आणि लागवडीची जमीन दुसऱ्यात. दोन्ही मिळून राज्याच्या जमिनीचे पाच भागांतले जवळजवळ चार भाग होतात. छापील नकाशात म्हातारीचा ठिपका मला भिंग लावूनही सापडला नाही. पण झरीवरचा उतार वस्तीच्या रंगातून सुटला होता. आराखड्यात चुका राहिल्याच होत्या. काही गावांनी सांगितले ते उतरले नाही, काहींनी सांगितलेच नाही. तरी तो लोकांना विचारून केलेला होता.

2012 साली नव्या सरकारने तो स्थगित ठेवला. 2018 साली तो पुन्हा वापरात आला, पण त्याच वर्षी नगर व ग्राम नियोजन कायद्यात 16-ब हे कलम घातले गेले. मालकाने अर्ज करावा आणि आपल्या तुकड्याचा विभाग बदलून घ्यावा. ते न्यायालयात गेले. 2023 साली 17(2) आले. आराखड्यात "अनवधानाने" राहिलेल्या चुका दुरुस्त करायच्या म्हणून, पुन्हा एकेका तुकड्यापुरते, आणि लोकांना न विचारता. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाला आवर घातला आणि त्याखालचे नियम रद्द केले. दरम्यान 2024 साली 39-अ आलेच होते. त्यात बदलाची सूचना राजपत्रात द्यायची आणि हरकतींसाठी तीस दिवस ठेवायचे.

तीस दिवस आहेत ना, मग तक्रार कसली, असे विचारणारे मला भेटतात. तक्रार अशी की टेबलावर पसरलेला अख्खा गाव आणि राजपत्रातला एक सर्व्हे नंबर यांत फरक आहे. झर एका सर्व्हे नंबरात असते, तिचे पाणी दुसऱ्यात मुरते, आणि पोफळ तिसऱ्यात सुकते. तुकडा पाहणाऱ्याला प्रत्येक बदल किरकोळच दिसणार. एकदा गावाला विचारून आखलेली रेघ पुसायची असेल तर तीही गावालाच विचारून पुसली पाहिजे. जुन्या गावकरीत सगळे नव्हते, पण तुकड्याने विचार करायची मुभा तिथे कोणालाच नव्हती. आणि काकांनी कितीही कौतुक केले तरी 2008ची ती ग्रामसभा गावकरीपेक्षा मोठी होती. तिथे पेन्सिल म्हातारीच्या हातात गेली.

काका आता नाहीत. त्यांच्या मानसीचे एक दार गेल्या पावसाआधी बदलले, लाकूड चांगले मिळाले नाही असे कुरकुरत बदलले. म्हातारीची नात पंचायतीत जाते आणि ग्रामसभेची टिपणे स्वतः उतरवून घेते. 2008चे पेन्सिलीचे नकाशे पंचायतीच्या कपाटात आहेत की नाहीत यावर दोन मते आहेत, पण आमच्या वहीत ते सर्व्हे नंबर आहेत. तुमच्या गावातही त्या वेळची एखादी वही, एखादी झेरॉक्स, कोणाच्या तरी पेटीत असेल. ती शोधा आणि तिच्या दोन प्रती काढा.

गोव्याचे राजपत्र दर गुरुवारी निघते आणि ते घरबसल्या फुकट वाचता येते. त्यात आपल्या गावाचे नाव आले की सर्व्हे नंबर बघा, त्या जागी जाऊन या, सोबत गावातले एक म्हातारे माणूस न्या. हरकत लिहाल ती "पर्यावरणाची हानी होईल" एवढ्यावर थांबवू नका. झर कुठे आहे, पाणी कोणत्या शेतात उतरते, मानस कोणती, बांध कोणाचा, हे नंबर घालून लिहा. तीस दिवसांच्या आत द्या, आणि आवक शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नका.