तुपाची शाई

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भिंगारच्या बाजारपेठेतील एका ओळखीच्या किराणा दुकानात प्रसादाला गेलो होतो. चौरंगावर नेहमीप्रमाणे लाल कापडी बांधणीची कोरी वही होती; आणि तिच्या शेजारी, हळदकुंकू लावलेला संगणक! शेठजींचे चिरंजीव हसून म्हणाले, "गुरुजी, तीन वर्षे हा नुसता पूजेपुरताच होता. यंदा कुठे कामाला लागला."

तो कसा लागला ते पुढे येईलच. पण त्या क्षणी मला आठवण झाली ती गणपत कृष्णाजींची.

मराठी अक्षरे छापण्याची विद्या त्यांच्या आधीच सिद्ध झालेली होती. दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले होते. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना चालू होता. (त्याच मिशनचे ठाणे १८३१ साली आमच्या नगरात आले आणि १८४२ त 'ज्ञानोदय' नगरहूनच निघू लागला.) म्हणजे यंत्र होते, कागद होता, अक्षरेही होती. नव्हता तो गिऱ्हाईक! घरोघरच्या पोथ्या आणि पंचांगे हातानेच उतरली जात होती.

गणपत कृष्णाजी जातीने भंडारी. मिशनच्या छापखान्यातील शिळाछापाचे काम त्यांनी पाहिले, घरी येऊन लाकडाचे यंत्र खटपट करून जुळविले, शाईही स्वतःच तयार केली, आणि १८३१ त, म्हणजे शके १७५३ त, मराठी पंचांग छापून काढले. पण सोवळ्याओवळ्याचे कडक लोक छापील कागदाला हात लावीनात. शाईत जनावराची चरबी असते, मग देवघरात ती पोथी न्यावी कशी?

येथे शिळाछापाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. स्निग्ध शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उमटवितात, मग दगड पाण्याने ओला करतात. कोऱ्या जागी पाणी राहते, आणि रुळाने लावलेली शाई फक्त अक्षरांवर धरते. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, एवढ्यावरच ही सारी विद्या उभी! तेव्हा स्निग्धपणा काढून टाकावा, तर छपाईच बंद. दुसरा एखादा कारागीर गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून मोकळा झाला असता. गणपत कृष्णाजींनी चरबीच्या जागी तूप घातले.

मला त्यांची खरी हुशारी ह्या तुपात दिसते. शिळाछापात अक्षर हाताने लिहिलेलेच उमटते, त्यामुळे वाचणाऱ्याला ओळखीचे वळण भेटले. पोथ्याही त्यांनी आडव्या, सुट्या पानांच्याच ठेवल्या. पाटावर बसून पान उलटण्याची सवय मोडावी लागली नाही. आत सगळे बदलले होते, हाताला मात्र जुनेच लागत होते. मग १८४० च्या सुमारास त्यांनी स्वतः खिळे पाडायला घेतले. १८६९ साली जावजी दादाजींचे निर्णयसागर उभे राहिले, तोवर छापील पोथीचे कोणाला नवल उरले नव्हते. बोरू झिजविणाऱ्या लेखकांचा धंदा मात्र ह्यात बसला, हे लपविण्यात अर्थ नाही.

हल्ली व्यापारशास्त्राच्या वर्गांत ह्यालाच 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात असे ऐकतो. आधी वापरणाऱ्याची अडचण पाहायची, मग थोडे करून दाखवायचे, चुकले तर बदलायचे. नाव मोठे भारदस्त आहे!

आता आमच्या चिरंजिवांकडे वळू. संगणक आणून त्यांनी पहिल्याच दिवशी मुनीमजींना सांगितले होते, "उद्यापासून वही बंद." चाळीस वर्षे वही लिहिलेला तो माणूस गप्प बसला आणि वही लिहीतच राहिला. उधारीचे गिऱ्हाईकही पडद्यावरच्या आकड्यांवरून भांडू लागले. तीन वर्षे अशी गेल्यावर चिरंजीव आठ दिवस मुनीमजींच्या गादीशेजारी नुसते बसून राहिले. तेव्हा त्यांना दिसले, की मुनीमजी गिऱ्हाईक आडनावाने शोधीतच नाहीत, गल्लीवरून शोधतात. आणि उधारी मांडली, की वही फिरवून गिऱ्हाइकापुढे धरतात. ते आपल्या डोळ्यांनी पाहते, मान डोलावते, मगच पान मिटते. संगणकात नोंद आडनावाने होती आणि पडद्याचे तोंड शेठजींकडे!

नोंदी गल्लीवार झाल्या. पडदा फिरत्या बैठकीवर बसविला. मुनीमजी अजून गादीवरच आहेत. ते सांगतात आणि एक पोऱ्या कळफलकावर बोटे चालवितो.

त्या संध्याकाळी वहीवरचा 'श्री' त्यांनीच काढला. मग चष्मा पुसून पडद्याकडे पाहत म्हणाले, "अक्षर जरा मोठं करा हो, धाकटे शेठ. गिऱ्हाइकाला दिसत नाही."

मी लाह्या-बत्तासे घेऊन घरी आलो.