गाविलगडची तोफ आणि रतनपूरचा राजा

गणपतीच्या स्मरणिकेत तोफांवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपण भिलाईकर लोखंडाच्या जिवावर जगलेली माणसे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि नागपूर, अमरावती, अकोल्याकडची कितीतरी कुटुंबे इथल्या सेक्टरांतून स्थायिक झाली. माझी सारी नोकरी ओतकामाच्या खात्यात गेली. त्यामुळे जुनी तोफ दिसली की माझा हात आधी तिच्या अंगावरून फिरतो, इतिहास नंतर आठवतो.

तोफेशी माझी ओळख मात्र नोकरीच्या फार आधीची. माझे आजोळ परतवाड्याचे. उन्हाळ्याच्या सुटीत दुर्गहून मेलने बडनेरा, पुढे एसटी, आणि सुटीत एकदा तरी मामांबरोबर चिखलदरा ठरलेले. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर पडलेल्या तोफा हे आम्हा भावंडांचे घोडे होते. दुपारी लोखंड असे तापलेले असे की आधी त्यावर मामांचे उपरणे टाकावे लागे. धाकट्याला तोंडात हात घालायची भीती वाटे, म्हणून त्याला मुद्दाम पुढे बसवायचे. तोफ कोणाची, कोणावर डागली, हे विचारायची कोणालाच गरज वाटत नसे. तोफ आपली, म्हणजे मराठ्यांची, एवढे पुरे होते.

किल्ल्यांवर उरलेल्या तोफा बहुतेक लोखंडाच्याच का, याचे उत्तर व्यवहारात आहे. पितळी किंवा काशाची तोफ वितळवली की चांगला पैसा मिळे, म्हणून जिंकणारा ती घेऊन जाई. लोखंडी तोफ डोंगरावरून खाली उतरवण्याचा खर्चच तिच्या मोलाहून जास्त. मग तिच्या कानात मेख ठोकायची, बाजूचे खुंट तोडायचे आणि तिथेच टाकून द्यायची. आपण ज्यांच्यावर बसून खेळलो त्या तोफा कोणी जतन केल्या म्हणून नव्हे, तर नेणे परवडले नाही म्हणून राहिल्या!

विजापूरच्या मलिक-ए-मैदानची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीसाठी महंमद बिन हसन रूमी याने ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी चौदा फुटांहून थोडी जास्त. तोंडाशी जबडा वासलेला सिंहमुखी प्राणी आणि त्याच्या दातांत सापडलेला एवढासा हत्ती. तिच्या धातूत तांबे सुमारे ८० टक्के आणि कथील २० टक्के आहे. तोफेसाठी कथील साधारण याच्या निम्मे असते. हे प्रमाण घंटेचे. एवढा रस एका भट्टीतून निघणे शक्य नाही. अनेक भट्ट्या एका वेळी तयार ठेवून, एकामागून एक फोडून, मधे खंड न पडू देता साचा भरला असला पाहिजे. आजही शॉपमध्ये असे काम निघाले तर फोरमनला आदल्या रात्री झोप लागणार नाही. ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ साली मुरारपंताने विजापूरला नेली. पुढे १८५४ साली सरकारी अडगळ विकायची ठरली तेव्हा तिच्यावर सर्वांत मोठी बोली लागली दीडशे रुपयांची. अधिकाऱ्यालाच ती फार कमी वाटली, शिवाय लोक तोफेला भक्तिभावाने मानतात हेही त्याच्या ध्यानात होते. विक्री रद्द झाली म्हणून तोफ वाचली.

मुंबईला फोर्ट भागात जुन्या तोफा रस्त्याच्या कडेला जमिनीत उभ्या पुरलेल्या आहेत, गाड्या पदपथावर चढू नयेत म्हणून. येणारेजाणारे त्यांना खांबच समजतात. तोफेचा असा उपयोग मला तरी वाईट वाटत नाही. बंगल्याच्या फाटकाशी शोभेला ठेवून वर्षाला काळा ऑइलपेंट फासणे त्याहून वाईट.

पण गाविलगडावर परत येऊ. डिसेंबर १८०३ मध्ये हा किल्ला दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडे होता. आर्थर वेलस्ली दक्षिणेकडे उभा राहिला आणि स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून सुमारे तीस मैल वाट स्वतः तयार करीत, जड तोफा माणसांच्या हातांनी ओढीत उत्तर बाजू गाठली. १२ तारखेच्या रात्री मारा सुरू झाला, १५ तारखेला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड नागपूरकरांच्या हातून गेला. किल्ल्यावरच्या तोफा आहे त्या जागी बसलेल्या. शत्रू आपल्या तोफा डोंगर ओलांडून हव्या त्या जागी आणतो. फरक तिथे पडला. हे वाचताना आजही चुटपुट लागते.

आणि इथेच छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी माणसाने थोडे थांबले पाहिजे. कारण याच नागपूरकर भोसल्यांच्या तोफा त्याआधी साठ वर्षे इकडे आल्या होत्या. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर बंगालकडे जाताना रतनपूरला पोहोचला. तिथला हैहयवंशी राजा रघुनाथसिंह म्हातारा होता. वर्षभरापूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा वारला होता आणि राजाने कशातही लक्ष घालणे सोडले होते. त्याने प्रतिकार केला नाही. भास्करपंतांच्या तोफांनी वाड्याचा काही भाग पाडला, तेव्हा राण्यांपैकी एकीने तहाचे निशाण वर चढवले. कित्येक शतकांचे राज्य असे संपले. गाविलगडचा पराभव आमच्या घरात मामांनी शंभर वेळा सांगितला असेल. रतनपूरचा मला चाळिशीत, शॉपमधल्या बिलासपूरच्या एका सहकाऱ्याने सांगितला. शांतपणे, डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढताना.

भोसल्यांनी इथे केवळ तोफा डागल्या असेही नाही. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहिले आणि तिथल्या टेकडीवर त्यांनी रामाचे मंदिर बांधले. ती रामटेकरी आजही नांदती आहे. नागपूरकराला तिच्या नावातच रामटेक ऐकू येतो. पण देऊळ बांधले म्हणून आधीचे गोळे पुसले जात नाहीत, आणि गोळे डागले म्हणून देऊळ खोटे ठरत नाही. दोन्ही एकाच घराण्याच्या खात्यावर आहेत.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. महाराष्ट्रात कितीतरी तरुण मंडळी सुटीच्या दिवशी गडांवर जाऊन मातीत रुतलेल्या तोफा काढतात, लाकडी गाडे करून त्यांवर चढवतात. त्यांचे कौतुक वाटते. गाड्याशेजारी एक पाटीही असावी, एवढेच माझे म्हणणे: ही तोफ कोणी घडवली, कोणाविरुद्ध वापरली, शेवटी कोणी निकामी केली. मुलांना तिच्यावर बसू द्यावे की नाही, यावर मात्र माझे मत विचारू नये.

आपल्या मंडळाची सहल महामायेच्या दर्शनाला रतनपूरला निघाली तर परतताना जुन्या किल्ल्यात अर्धा तास जरूर थांबावे. पडझड बरीच झाली आहे, पण एक कोरीव दरवाजा उभा आहे. त्याचे नाव गणेशद्वार.