आगवळीचा अंबाडा

कादंबरी लिहिणाऱ्याची फजिती मोठ्या प्रसंगांत सहसा होत नाही. लढाया, मृत्यू, ताटातुटी ह्यांच्या वेळी तो सावध असतो. फजिती होते ती लहानसहान वस्तूंपाशी. माझी झाली ती केसांच्या आकड्यापाशी.

त्या कादंबरीतली नायिका १८९१ साली वाईच्या एका वाड्यात राहते. ती सकाळी न्हाऊन येते, अंबाडा घालते, त्यात दोन आकडे खोचते आणि देवघराकडे वळते, असे एक निरुपद्रवी वाक्य मी लिहिले होते. २००९ सालची ही गोष्ट. माझी आजी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तिची दृष्टी अधू झाली होती, म्हणून रोज दुपारी मी तिला दोन-चार पाने वाचून दाखवीत असे. ह्या वाक्यापाशी तिने हात वर केला.

"थांब गं. आकडे कुठून आणले तिने?"

"कुठून म्हणजे? अंबाड्याला आकडे लागतातच की, आजी."

"तुम्हांला लागतात. आमच्या घरात चांदीचे दोन आकडे होते, ते मूद बसवायला. सणावारी फणेरपेटीतून निघायचे. रोजचा अंबाडा आगवळीवर."

आगवळ हा शब्द मी वाचला होता, पण वस्तू पाहिली नव्हती. आगवळ म्हणजे बायकांचे केस बांधण्याची दोरी. पण एवढ्या साध्या दोरीवर दोन-अडीच फुटांच्या केसांचा भार दिवसभर कसा राहतो, हे मला उमगेना. त्या एका वाक्यापायी मी पुढे कित्येक महिने अंबाड्याच्या मागे लागले. मागे लागले हे अक्षरशः खरे आहे, कारण अंबाड्याची सारी गंमत पाठीमागे असते आणि आपण चित्रे व शिल्पे समोरून पाहतो!

अंबाडा आपल्याकडे किती जुना? मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली ती प्रसिद्ध ब्राँझची 'नर्तकी' घ्या. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. एक हात कमरेवर ठेवून ती ऐटीत उभी आहे, आणि मानेमागे एका बाजूला कललेला तिचा भरगच्च अंबाडा आहे. सिंधुसंस्कृतीच्या उत्खननांत हस्तिदंती फण्याही मिळाल्या आहेत. संस्कृतात तर केसांच्या बांधणीसाठी शब्दांची रेलचेल आहे: वेणी, कबरी, धम्मिल्ल. कालिदासाच्या यक्षाची पत्नी विरहात एकच वेणी ठेवून बसते, आणि भट्टनारायणाने द्रौपदीच्या सुटलेल्या केसांवर 'वेणीसंहार' हे अख्खे नाटक रचले. बांधलेले केस म्हणजे घर ठिकाणावर असणे आणि सुटलेले केस म्हणजे शोक किंवा संताप, ही समजूत इतकी जुनी आहे.

आपल्या मराठी मुलखाचाही ह्यात वाटा आहे. वेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या. पाँपेईची मूर्ती भोकरदनकडूनच गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ह्या मूर्ती चारही बाजूंनी कोरलेल्या आहेत. कारागिराने पाठीवरचा केशसंभारही मन लावून घडवला आहे, एकेक पेड आणि त्यावरचा दागिना दाखवला आहे. त्या कारागिराच्या घरात केस विंचरणारी कोणी तरी चांगली होती, असे आपले मला उगीच वाटते.

रोमचे नाव निघाले म्हणून तिकडचीच एक गोष्ट सांगते. रोमन साम्राज्ञींच्या पुतळ्यांवर केसांचे जे अवघड मनोरे दिसतात, ते टोपच असले पाहिजेत, एरवी ते उभे राहणार नाहीत, असे पुष्कळ पंडित म्हणत. २००१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या संग्रहालयात जॅनेट स्टीफन्स नावाची केशभूषा करणारी एक बाई गेली. तिथे ज्युलिया डोम्ना ह्या सम्राज्ञीचा अर्धपुतळा भिंतीपासून दूर मांडला होता, म्हणून तिला त्याची पाठ पाहता आली. आपल्या धंद्याच्या नजरेने तिने ओळखले की हे केस खोचलेले नाहीत, शिवलेले आहेत! घरी येऊन तिने बोथट सुई आणि लोकरीचा धागा घेतला आणि त्या केशरचना खऱ्या केसांवर करून दाखवल्या. २००८ साली तिचा निबंध रोमन पुरातत्त्वाच्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आला. लॅटिनमध्ये सुई आणि केसांचा आकडा ह्यांना एकच शब्द आहे आणि पंडितांनी सगळीकडे आकडा हाच अर्थ घेतला होता. माझ्यासारखीच त्यांचीही फजिती!

मी हे आजीला सांगितले तेव्हा तिला त्याचे काहीच नवल वाटले नाही. "दोऱ्याने केस तुटत नाहीत, तारेने तुटतात," एवढेच ती म्हणाली आणि मग तिच्या आत्याबाईंची गोष्ट सांगू लागली.

आजीच्या लहानपणी, म्हणजे १९३०-३५ च्या सुमारास, त्यांच्या वाड्यात मुली-सुना मिळून नऊजणी होत्या. त्या साऱ्यांचे केस आत्याबाई विंचरीत. सकाळी त्या सोवळ्यात, तेव्हा हे काम दुपारच्या जेवणानंतर माजघरात चाले. देवाच्या वाती वळून झाल्या की त्याच सुताचे तीन पदर मांडीवर वळून त्या आगवळी करीत. मऊ, बोटभर सैल पिळाच्या, हात-दीड हात लांब. त्यांचे नियम आजीला पाठ होते. गुंता कधी वरून ओढायचा नाही. बट मुठीत धरून शेवटाकडून सोडवीत वर यायचे. शेवटांना आधी खोबरेल चोळायचे. केस मानेपाशी गोळा करून आगवळीचे दोन सैल वेढे द्यायचे, मग केसांना त्यांचाच पीळ देऊन त्याच गाठीभोवती फिरवायचे आणि शेवट आत, अगदी पोटात दडवायचे. आगवळीचे उरलेले टोक वरून एकदा घेऊन खाली खोवायचे. एवढे झाले की मुलीला फर्मान सुटे, "भुवया उचल पाहू!" भुवया उचलताना कपाळ ओढल्यासारखे वाटले तर सारा अंबाडा पुन्हा सोडायचा. काही दिवस अंबाडा मानेवर, काही दिवस दोन बोटे वर. रात्री तो मोडून सैल वेणी. आणि ओले केस बांधलेले दिसले तर मात्र आत्याबाईंचा आवाज चढे.

ह्या नियमांमागचे कारण आज पुस्तकांत मिळते. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे अडीच फूट केसांचे शेवट पाच-सहा वर्षांचे जुने असतात. इतकी वर्षे त्यांनी ऊन, पाणी, फणी आणि पदराची घासण सोसलेली असते. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात, त्यांची टोके शेवटाकडे असतात. खवले झिजले की केस शेवटाला फाटतो, त्याला दोन तोंडे फुटतात. तेव्हा म्हातारे शेवट आत दडवून ठेवणारा अंबाडा हा शृंगार तर आहेच, पण त्याआधी ती केसांची कोठी आहे. ओला केस वाळलेल्यापेक्षा अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो. घट्ट बांधण्याचे तर विचारूच नका. ग्रीनलंडमधल्या बायकांचे कपाळावरचे केस घट्ट बांधणीमुळे विरळ होतात, अशी नोंद युरोपीय वैद्यकात १९०७ सालीच झाली होती. आणि खोबरेल तेल केसाच्या आत शिरून त्यातले प्रथिन धुऊन जाण्यापासून वाचवते, सूर्यफुलाचे किंवा खनिज तेल तसे करीत नाही, हे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले. आत्याबाईंना ह्यातले काही वाचायला मिळाले नाही. त्यांना अक्षरओळखही नव्हती.

"मग आत्याबाईंचे स्वतःचे केस फारच सुंदर असतील," मी म्हटले.

आजी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, त्या सोवळ्या होत्या. आलवणात. तेराव्या वर्षी नवरा गेला आणि न्हाव्याला बोलावलं. कमरेखाली केस होते म्हणे."

मी वही मिटली. इतका वेळ मी ज्या हातांची वाहवा करीत होते, त्या हातांना स्वतःच्या डोक्यावर काही करण्यासारखे उरले नव्हते. आजीच्या हिशेबाने ही गोष्ट १९०८ च्या सुमाराची. म्हणजे त्याआधी अठरा वर्षे, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवण्याची भाषा केली, हे केवढे मोठे काम! त्याच साली 'करमणूक' पत्रातून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्यातल्या यमूचे बळजबरीने झालेले केशवपन वाचून पुण्यामुंबईतल्या किती घरांत डोळे ओले झाले असतील. परंतु त्याच घरांच्या मागल्या दाराने न्हावी येतच राहिला.

बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई जोशी ह्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या आणि १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिची कथा मला अधिक चटका लावते. बोडक्या डोक्याने त्या अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. पुढे विचारपूर्वक त्यांनी केशवपन सोडले आणि केस वाढवले. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली. प्रौढ वयाच्या बाईने आपले केस वाढू द्यायचे ठरवणे, हे तेव्हा लोकांना तोंड देण्याचे काम होते. आमच्या आत्याबाईंपर्यंत ह्यातले काही पोचले की नाही, कोण जाणे. पोचले असले तरी त्यांनी कुणाला सांगितले नाही. फणीत आलेले मुलींचे केस त्या गोळा करीत आणि डब्यात ठेवीत. आजीच्या लग्नात तिच्या वेणीला जे गंगावन लावले, ते त्या डब्यातल्या केसांचे.

नंतरचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली आणि बालगंधर्वांचे लुगडे, गजरा आणि केसांची ठेवण पाहून घरोघरच्या बायका आपापल्या आरशापुढे बसू लागल्या. एका पुरुषाने अंबाडा शिकवावा, ही महाराष्ट्राचीच मौज! तारेचे आकडे बाजारात स्वस्त झाले तशी आगवळ मागे पडली. १९६० साली शिकागोच्या मार्गारेट हेल्ट ह्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उंच केशबंध काढला. त्याची हवा हिंदी चित्रपटांतून आपल्याकडेही आली. तो फुगवायचा तर फणी शेवटाकडून मुळाकडे उलटी फिरवावी लागे, म्हणजे ती कौले एकेक करून उचकटायची! आजी त्या काळच्या अंबाड्यांना 'गवताची गंजी' म्हणे. तरी तिच्याच मुलींनी, म्हणजे माझ्या आईने आणि मावशीने, तशा गंज्या रचून फोटो काढून घेतले आहेत, आणि त्यांत त्या सुरेख दिसतात हे कबूल केले पाहिजे. आज माझ्या वर्गातल्या मुली रबरात केस आवळून येतात आणि संध्याकाळी ते रबर ओढून काढतात. रबराबरोबर केसांचे झुपके निघतात. मी एकदोघींना भुवया उचलायला सांगितल्या, तेव्हा त्या हसल्या.

त्या कादंबरीतले वाक्य मी बदलले. आकडे काढून टाकले, आगवळ घातली, दोन सैल वेढे दिले, शेवट आत दडवले. वाक्य एकाचे चार झाले. ते मोठ्या उमेदीने मी आजीला वाचून दाखवले. नायिका न्हाऊन येते, अंबाडा घालते, आगवळ खोवते आणि देवघराकडे वळते.

आजीने पुन्हा हात वर केला.

"आधी तिचे केस वाळव," ती म्हणाली.